लिमिट पोकर : समोरचा ड्रॉवर आहे आणि पानं टाकणार नाही, तरी बेट का लावायची?

अनगोळकर
एक डाव मांडतो, मुद्दा त्यातूनच कळेल. ड्रॉ म्हणजे अजून एखादं पान आलं तरच पुरा होणारा हात.

१०/२० लिमिट होल्डेम: बेटीची रक्कम ठरलेली, प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची सामाईक पानं आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). फ्लॉपच्या आधी आणि फ्लॉपवर बेट १० चिप्सची, टर्न आणि रिव्हरवर २० ची. ब्लाइंड (पानं बघायच्या आधी दोघांनी घालायचे सक्तीचे पैसे) ५ आणि १०. एका फेरीत एक बेट आणि त्यावर तीन रेझ (वाढ), पुढं नाही.

तुमच्या हातात इस्पिक एक्का आणि चौकट राजा. तुम्ही २० केले, बटणावरचा (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी बोलणारा) आला, मोठा ब्लाइंड आला, छोट्यानं ५ सोडून पानं टाकली. पॉट ६५. फ्लॉप: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. मोठा ब्लाइंड चेक (काही न लावता पुढं), तुमचे १०, बटणाचा कॉल (तेवढेच घातले), मोठ्या ब्लाइंडनं पानं टाकली. पॉट ८५. टर्नला इस्पिक दुर्री.

बटणावर बदाम राणी-गुलाम आहेत असं धरून चाला. तुम्ही २० लावले की पॉट १०५. त्याला २० घालून १०५ मिळवायचे आहेत, म्हणजे १ ला ५.२५. त्याला न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९, त्यातला एक पडला की पाच बदामांचा फ्लश होऊन तो जिंकतो. ३७ विरुद्ध ९, म्हणजे १ ला ४.१ मिळाले तरी त्याचं भागतं. कॉल बरोबर आहे, आणि तो करणारच.

आता प्रश्न. त्याचा कॉल बरोबर असेल तर माझी बेट चूक नाही का? टर्नला चेक करून, रिव्हरला बदाम नाही पडला की मग २० लावले तर?

शहापूर पेठ
थांबणंच बरं. उठणार नाही अशा माणसासमोर टर्नला २० टाकायचे आणि पाचातून एकदा ते त्याला देऊन बसायचं, हे कशाला? रिव्हर बघा, बदाम नसेल तर लावा. तोवर पॉट लहान ठेवायचा.

खानापूरची चौकट
पेठवाले दादा, या सल्ल्यानं प्रत्येक डावात जवळजवळ १२ चिप्स जातात. अंदाज नको, पानं मोजू.

दोघांची पानं उघडी धरली तर हातातली ४ आणि टेबलावरची ४ गेली, उरली ४४. त्यात ९ बदाम तुम्हाला हरवतात, ३५ पानांवर तुम्ही जिंकता. त्याला सरळीची (ओळीनं पाच पानं) वाट नाही आणि राणी किंवा गुलामाची जोडी तुमच्या राजांपुढं कमी पडते. रिव्हरला ही ४४ पानं एकेकदा पडली असं समजा.

टर्नला चेक: ३५ वेळा ८५ मिळाले, एकूण २९७५.
टर्नला २०, त्याचा कॉल: ३५ वेळा १०५ मिळाले, ३६७५. नऊ वेळा २० गेले, १८० वजा. राहिले ३४९५.

फरक ५२०. भागिले ४४, डावाला ११.८ चिप्स.

आता त्याच्या बाजूनं बघा. फुकट पान मिळालं तर ८५ मधला त्याचा सरासरी वाटा १७.४. तुम्ही २० लावले आणि त्याने कॉल केला तर ५.६. पानं टाकली तर शून्य. म्हणून कॉल बरोबर, कारण ५.६ शून्यापेक्षा जास्त. आणि तुमची बेटही बरोबर, कारण १७.४ चे ५.६ झाले ते तुमच्यामुळं. दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघांच्या मध्ये आधीचे ८५ पडलेले आहेत. त्यातले ४५ तर पानं टाकून गेलेल्यांचे आणि फ्लॉपआधी त्याने स्वतः घातलेले आहेत. त्या पैशावर त्याचा हक्क तयार झालाय, तो पुरता काढून घेता येत नाही, महाग मात्र करता येतो.

आणि रिव्हरला लावू म्हणता, तिथं बदाम न पडलेला माणूस हातात राणी-गुलाम घेऊन २० ला कॉल करेल का? ड्रॉवाला पैसे देतो तो पान यायच्या आधी. नंतर देत नाही.

शहापूर पेठ
रिव्हरचा मुद्दा पटला. पण मग तो उठावा असं आपल्याला वाटावं की राहावा असं?

खानापूरची चौकट
या डावात उठावा. तो उठला तर ८५ पूर्ण तुमचे, कॉल केला तर त्यातून सरासरी ५.६ त्याच्याकडे जातात. पण लिमिटमध्ये तुमच्या हातात २० च आहेत. त्याचा कॉल चुकीचा ठरायला ८५ च्या पॉटवर साडेएकोणतीसच्या वर बेट लागते (९ गुणिले ८५, भागिले २६). नियम तेवढी लावू देत नाही. त्यामुळं पसंतीचा क्रम असा: तो उठणं सगळ्यांत छान, कॉल त्याखाली, आणि फुकट पान सर्वांत वाईट. बेट लावली की पहिल्या दोहोंपैकी एक नक्की मिळतं. चेक केलं की तिसरंच.

चोर्ला घाट
गोंधळाचं मूळ नो-लिमिटच्या, म्हणजे हवी तेवढी बेट लावता येते त्या खेळाच्या, सवयीत आहे. पणजीला मांडवीतल्या बोटींवर बहुतेक टेबलं नो-लिमिटची, आणि व्हिडिओही त्याचेच. तिथं ८५ वर ६० लावले की ड्रॉला ६० घालून १४५ मिळवायचे, १ ला २.४. त्याने टाकलंच पाहिजे. मग डोक्यात बसतं की बेट म्हणजे हाकलायचं साधन, आणि हाकलता येत नसेल तर बेट वाया. लिमिटमध्ये बेटीचं पहिलं काम वसुली. हाकलणं जमलं तर जमलं.

निपाणीकर
दुसरं मूळ तीन पत्तीत आहे. आपल्या भागात इस्पीट म्हटलं की तीन पत्ती, अंदर-बाहर आणि रमी. तीन पत्तीत वाटलेली तीन पानं हाच हात, नंतर काही येत नाही. त्यामुळं अपुऱ्या हाताची किंमत असते ही कल्पनाच तिथं तयार होत नाही. माणूस चाल करतोय म्हणजे हातात काहीतरी आहे किंवा थापा मारतोय, दोनच शक्यता. पोकरला बसल्यावर फ्लॉपवर कुणी रेझ केलं की तीन पत्तीवाला घाबरून चेकवर येतो, आणि तो रेझ निव्वळ चार बदामांचा असतो.

रमीवाले इथं लवकर तयार होतात. कुठली पानं गेली आणि आपल्याला लागणारी किती उरली हे ते आपोआप मोजतात. नवख्याला शिकवायचं असेल तर रमीच्या बाजूनं शिकवा.

नियंत्रक
या धाग्यात चिप म्हणजे मोजायची चकती. पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद आहे. ॲपची नावं, लिंक, कुठं टेबल बसतं ही चौकशी काढून टाकली जाईल. गणित चालू द्या.

हिंडलगा नाका
मोजायला लागणारे आकडे एका जागी देतो. फ्लॉपनंतर न दिसलेली ४७, टर्ननंतर ४६.

फ्लश ड्रॉ, ९ पानं: फ्लॉपवरून टर्नला १ ला ४.२, टर्नवरून रिव्हरला १ ला ४.१, दोन्ही मिळून ३५ टक्के.
दोन्ही टोकांची सरळी, ८ पानं: १ ला ४.९, मग ४.७५, दोन्ही मिळून ३१.५ टक्के.
मधल्या पानाची सरळी, ४ पानं: १ ला १०.७५, मग १०.५, दोन्ही मिळून १६.५ टक्के.
मधली जोडी घेऊन बसलेला (दोन जोड्या किंवा तिकडी हवी), ५ पानं: टर्नवरून १ ला ८.२.

एक चूक सर्रास होते. फ्लॉपवर कॉल करताना ३५ टक्के धरायचे आणि पैसे मात्र एकाच फेरीचे मोजायचे. टर्नला परत २० द्यावे लागणार असतील तर एकेक पान वेगळंच मोजायला हवं.

आता लहान पॉट बघा. एक जण १० देऊन आला, छोट्या ब्लाइंडनं टाकलं, मोठ्यानं चेक केलं. पॉट २५. फ्लॉपवर तुम्ही १० लावले तर समोरच्याला १ ला ३.५. मधल्या पानाच्या सरळीवाला इथं कॉल करत असेल तर उघड नुकसानीत आहे. फ्लशवाल्याला ४.२ हवेत, तो पुढं पान आल्यावर तुमच्याकडून मिळणाऱ्या बेटींच्या आशेवर कसाबसा बसतो. म्हणजे लिमिटमध्ये ड्रॉला बेटीनं चुकवता येतं, पण फ्लॉपआधी पॉट फुगला नसेल तरच. अनगोळकरांच्या पॉटमध्ये मात्र फ्लॉपवर ७५ ला १० होते, १ ला ७.५. तिथं मधल्या सरळीवालासुद्धा काठावर येतो, कारण टर्नला पान आलं आणि तुम्ही टर्न-रिव्हरचे ४० भरले तर त्याचे ७.५ चे ११.५ होतात. असं लपलेलं पान येऊन समोरून अचानक रेझ आलं तर कॉलवर थांबा, परत रेझ करून त्याचा भाव सुधारू नका.

अनगोळकर
म्हणजे एका बेटीनं हाकलता येत नाही. दोन बेटी एकदम त्याच्या पुढ्यात आल्या तर?

खानापूरची चौकट
तेच लिमिटमधलं खरं हत्यार, पण ते बसायच्या जागेवर अवलंबून आहे. ज्याला हाकलायचं तो बेट लावणारा आणि तुम्ही यांच्या मध्ये किंवा तुमच्या पुढं हवा, आणि त्याने अजून या फेरीत काही घातलेलं नको. तुमच्या उजवीकडच्यानं २० लावले, तुम्ही ४० केले, तर डावीकडच्या सगळ्यांना गार ४०, म्हणजे आधी काही न घालता एकदम ४०, घालावे लागतात. दुसरी रीत चेक-रेझ: तुम्ही आधी, शेवटचा बेट लावणार अशी खात्री, तुम्ही चेक, त्याचे २०, तुमचे ४०. मधले सगळे अडकले. शेवटच्यानं चेक केलं तर मात्र सगळ्यांना फुकट पान, आणि त्याची किंमत वर काढलीच आहे. तो माणूस लावणाराच असेल तरच हे करा.

एक बेट आधीच घातलेल्याला रेझनं हाकलता येत नाही. त्याला फक्त २० अजून द्यायचे असतात आणि पॉट आणखी वाढलेला दिसतो.

गार ४० नं फ्लशवाला बहुतेक उठतच नाही. उठतो तो मधल्या जोडीवाला, सरळीच्या मधल्या पानावर बसलेला, एक्का घेऊन उगीच आलेला. त्यांना काढणं का महत्त्वाचं ते लोकांना पटत नाही. लोक म्हणतात, चुकीचा कॉल करतोय ना, करू दे, पैसे आपलेच.

चोर्ला घाट
आपलेच नसतात. अँडी मॉर्टन यांनी रेक डॉट गॅम्बलिंग डॉट पोकर या जुन्या न्यूजग्रुपवर हेच मांडलं होतं, म्हणून त्याला मॉर्टनचा सिद्धांत म्हणतात. आपल्याच डावावर आकडे घालून दाखवतो.

तेच टेबल: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री, इस्पिक दुर्री. तुमचे एक्का-राजा, पहिल्याकडे बदाम राणी-गुलाम, दुसऱ्याकडे इस्पिक अठ्ठी-सत्ती. यावेळी चौघांनी फ्लॉपआधी २० आणि फ्लॉपवर १० घातले, छोट्या ब्लाइंडचे ५, पॉट १२५. टर्नला चौथ्यानं पानं टाकली. उरली ४२ पानं. पहिल्याची ९. दुसऱ्याची ४: दोन अठ्ठ्या आणि बदाम सोडून दोन सत्त्या. बदाम सत्ती पडली तर पहिला फ्लशनं जिंकतो. बाकी २९ तुमची.

तुम्ही २०, पहिल्याचा कॉल, आता दुसरा २० घालतोय.
त्याला १६५ मिळवायचे, ४२ मधून ४ वेळा. सरासरी २.४ चं नुकसान. म्हणजे कॉल चूक.
तुम्ही: तो नसता तर १६५ मधले ३३ वाटे, आहे म्हणून १८५ मधले २९. तुम्हालाही १.९ चं नुकसान.
पहिला फ्लशवाला: ९ वाटे तसेच, पॉट २० नं मोठा. त्याला ४.३ चा फायदा.

दुसऱ्याच्या चुकीचे पैसे तुमच्या खिशातून थोडे घेऊन फ्लशवाल्याकडे गेले. या मांडणीत टर्नआधीचा पॉट १०५ च्या खाली असेल तर दुसऱ्याचा कॉल तुम्हाला फायद्याचा. १०५ ते १५० मध्ये त्याचा कॉल चूक असूनही तुम्हाला तोट्याचा. १५० च्या वर त्याचा कॉलच बरोबर. चौघे-पाच जण येतात अशा टेबलावर पॉट बहुतेक या मधल्या पट्ट्यात किंवा वरच जातो. तिथं माणसं कमी करायला रेझ वापरा. दोघंच आहात, पॉट लहान आहे, तर चुकीचा कॉल खुशाल येऊ द्या.

शहापूर पेठ
फ्लॉपवर बटणवाला रेझ करतो आणि टर्नला चेक करून बसतो, त्याचं काय?

हिंडलगा नाका
फुकट पान विकत घेतोय. फ्लॉपवर १० जास्त घातले, टर्नला सगळे त्याच्याकडे बघून चेक करतात, मग तोही चेक. टर्नचे २० वाचले, निव्वळ १० चा फायदा. लिमिटमध्ये टर्नला बेट दुप्पट होते म्हणूनच ही चाल जमते.

उपाय दोन. फ्लॉपवरच परत रेझ करून ३० करा आणि टर्नला आपणच २० लावा. किंवा फ्लॉपवर नुसता कॉल, आणि टर्नला बदाम पडला नाही की त्याची वाट न बघता आधी २० लावा. दुसरा उपाय स्वस्त आहे, आणि त्याच्याकडे खरोखर तिकडी निघाली तर नुकसान कमी. फ्लॉपवर कॉल, टर्नला मुकाट चेक, हे करू नका. त्याला तेच हवंय.

निपाणीकर
सगळे ड्रॉ सारखे नाहीत हेही लिहायला हवं. फ्लश आणि दोन्ही टोकांची सरळी एकत्र असेल तर १५ पानं. फ्लॉपवरून दोन पानांत लागायची शक्यता ५४ टक्के, म्हणजे एका जोडीपुढं फ्लॉपवर तोच पुढं आहे. अशा माणसाशी फ्लॉपवर चार बेटींपर्यंत भांडणं म्हणजे त्याचाच फायदा. एक बेट, त्याचा रेझ, आपला कॉल, बस्स. टर्नला पान नाही आलं की ४६ पैकी १५, ३२.६ टक्के. आता आपण पुढं, आणि बेटही दुप्पट. तिथं लावा.

चौघांच्या पॉटमध्ये तर साधा फ्लश ड्रॉसुद्धा फ्लॉपवर रेझ करून कमावतो: ३५ टक्के वाटा, पैसे फक्त २५ टक्के घालतो. तिथल्या रेझला तिकडी समजून टर्नला चेकवर येऊ नका.

अनगोळकर
आणि रिव्हरला तिसरा बदाम पडला आणि त्याने २० लावले तर? पॉट १२५ झालेला असतो.

खानापूरची चौकट
कॉल. २० घालून १४५, १ ला ७.२५. आठातून एकदा जरी तुमचे राजे सरस निघाले तरी भागतं. मी वर पानं उघडी धरली होती, खऱ्या डावात त्याच्याकडे राजा-गुलाम, अठ्ठीची जोडी, चुकलेली सरळी असं बरंच असू शकतं. चुकीचा कॉल २० घेतो, चुकीची माघार १४५ घेते. बेट मात्र आपण आधी लावू नका, चेक करून कॉल करा. बदाम नाही पडला तर समोरच्यावर ठरवा: जोडी घेऊन कॉल करणारा असेल तर २० लावा, फक्त ड्रॉच असणार असं वाटत असेल तर चेक करा, थापेचे २० त्यालाच लावू द्या.

तुमच्याकडे अठ्ठ्यांची तिकडी असेल तर हिशेब बराच बदलतो. टर्नला त्याची फ्लशची पानं ९ नाहीत, ७ च, कारण बदाम तिर्री किंवा बदाम दुर्री पडली तर तुमचं फुल हाउस (तिकडी आणि जोडी) होतं. टर्नलाच फ्लश लागला तरी तुमची १० पानं शिल्लक: एक अठ्ठी आणि टेबलावरच्या बाकी तिन्ही पानांच्या तीन-तीन. १ ला ३.६. अशा पॉटमध्ये पानं टाकायचा प्रश्नच येत नाही.

अनगोळकर
माझा एक्का बदामचा असता तर?

खानापूरची चौकट
तर त्याची पानं ८. तुमच्या २० चा फायदा ११.८ वरून १२.७ वर जातो आणि त्याच्या कॉलमधून सुटणारे ५.६ चे २.७ होतात. तो तरीही कॉल करेल, आणि त्याचा कॉल तरीही बरोबरच असेल. त्या एकट्या एक्क्यानं तुमचा फ्लश होत नाही, तेवढं विसरू नका, त्यासाठी टेबलावर चार बदाम लागतात.

एक गड्डी घ्या, दोघांची चार पानं आणि टेबलावरची चार काढून ठेवा, उरलेली ४४ एकेक उलटत जा आणि दोन रकाने भरा, एक चेकचा, एक बेटीचा. पिसायचीही गरज नाही. सगळी पानं संपली की दोन्ही बेरजा शेजारी दिसतील. मग बदाम एक्का हातात घेऊन परत एकदा करा.